बाहेरचा पाऊस आणि आंतला घाम

मृग नक्षत्र लागण्याच्या सुमारास शहरांतील दुकानांत पावसाळी डगले टांगले जातात आणि गिऱ्हाइकांची परीक्षा सुरू होते. बहुतेकांची परीक्षा एकच असते. कापडावर ओंजळभर पाणी टाकून पाहावें. तें मोत्यांसारखें ओघळून गेलें म्हणजे डगला उत्तम! घरापासून कचेरीपर्यंत छत्रीच्या जोडीला घालावयाच्या कोटाला एवढी परीक्षा पुरेशी आहे. परंतु ज्याला तो डगला अंगावर घालून डोंगर चढावयाचा आहे किंवा गलबतावर दोर ओढावयाचा आहे, त्याच्या दृष्टीनें ही परीक्षा अर्धीच झाली. कारण पाणी दोन बाजूंनीं येतें. एक आकाशांतून येतें, तें सर्वांस दिसतें. दुसरें अंगांतून येतें, त्याचा विचार दुकानांत कोणी करीत नाहीं. कष्टाचें काम करणाऱ्या माणसाच्या शरीरांतून तासाला लिटरभर घाम निघूं शकतो. बाहेरचें पाणी पूर्णपणें अडविणारें कापड हें आंतलें पाणीहि अडवितें, आणि दोन तासांच्या चढणीनंतर आंतला सदरा पिळून काढतांना तो पावसानें भिजला कीं घामानें, हें सांगणें कठीण होतें.

जलाभेद्य वस्त्राचा गेल्या दोनशें वर्षांचा इतिहास म्हणजे बहुतांशीं या एका पेचाचा इतिहास होय. तो पेच केवळ गैरसोयीचा आहे असें मात्र कोणी समजूं नये. ओलें वस्त्र अंगाची ऊब टिकवूं शकत नाहीं, आणि थंड प्रदेशांत ऊब गेली म्हणजे माणूसहि जातो.

ज्यांना हा पेच सर्वांत आधीं पडला, त्यांनीं तो आपापल्या परीनें सोडविलाहि होता. अलास्कालगतच्या अल्यूशियन बेटांवरील लोक सील व समुद्रसिंह या प्राण्यांच्या आंतड्यांच्या पट्ट्या एकमेकींस जोडून डगले शिवीत. आंतड्याचा पापुद्रा पाण्याचा थेंब आंत घेत नाहीं, पण वाफ कांहीं अंशीं बाहेर जाऊं देतो. शिवण स्नायूंच्या तंतूंची आणि अत्यंत बारीक. असा डगला घालून तीं माणसें कातड्याच्या होड्यांतून खवळलेल्या समुद्रांत शिकारीस जात. आपल्याकडील कोंकण-मावळांतल्या इरल्याची युक्ति निराळी. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पळसासारखीं रुंद पानें, आणि हें सारें छपराप्रमाणें डोक्यावरून पाठीवर घेतलेलें. भातलावणी करणारी बाई दिवसभर ओणवी असते. पाऊस पाठीवर पडतो आणि पोटाखालून वारा खेळत राहतो. इरलें अंगाला चिकटतच नाहीं, त्यामुळें घामाचा प्रश्न उद्भवत नाहीं. धनगराचें घोंगडें याहूनहि वेगळें. तें पाणी अडवितें तें थोडाच वेळ. पुढें भिजतें आणि जड होतें. पण लोकर आंतून ओली झाली तरी बरीचशी ऊब राखते, म्हणून घोंगड्याची खोळ घेतलेला मेंढपाळ रात्रभर माळावर बसूं शकतो. इरलें आतां प्लॅस्टिकच्या कागदापुढें मागें पडलें आहे. तें हलकें व स्वस्त नव्हतें म्हणून नव्हे, तर विणणारे हात कमी झाले म्हणून.

कारखान्यांत होणाऱ्या डगल्याची कथा ग्लासगो शहरांत, आणि तीहि डांबराच्या पिंपांपासून, सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं दगडी कोळशापासून निघणाऱ्या वायूचे दिवे युरोपांतील शहरांत लागूं लागले. वायू काढून घेतल्यावर कारखान्यांत डांबर आणि अमोनियाचें पाणी उरे, आणि त्याचें करावें काय ही मालकांना पंचाईत पडे. चार्ल्स मॅकिंटॉश (जन्म १७६६) हा रसायनांचा कारखानदार. रंग तयार करण्याच्या धंद्यासाठीं त्याला अमोनिया हवा होता, म्हणून त्यानें हा टाकाऊ माल विकत घेण्याचा करार केला. हातीं आलेल्या डांबरापासून त्यानें नॅफ्था नांवाचें चटकन् उडून जाणारें तेल काढलें, आणि त्यांत रबर विरघळतें असें त्याला आढळलें. रबर युरोपला अगदींच अपरिचित नव्हतें. ला कोंदामीन या फ्रेंच शास्त्रज्ञानें १७३६ सालीं दक्षिण अमेरिकेंतून त्याचे नमुने पॅरिसला धाडले होते. इंग्लंडांत मात्र त्याचा उपयोग बराच काळ शिसपेन्सिलीचें लिखाण खोडण्यापुरता होता. विरघळलेलें रबर एका कापडावर पसरावें, त्यावर दुसरें कापड दाबून बसवावें, म्हणजे दोहोंच्या मध्यें रबराचा अखंड थर राहतो, ही मॅकिंटॉशची युक्ति. १८२३ सालीं त्यानें तिचें पेटंट घेतलें.

वास्तविक कोळशाच्या डांबरापासून काढलेलें तेल रबर विरघळवितें, हें एडिंबरा येथील जेम्स साइम नांवाच्या विद्यार्थ्यानें १८१८ सालींच शोधून काढलें होतें. त्यानें पेटंट घेतलें नाहीं. पुढें तो मोठा नामांकित शस्त्रवैद्य झाला. तो थोडा व्यवहारी असता तर इंग्रज माणूस आज पावसांत 'साइम' घालून निघाला असता. मॅकिंटॉशच्या नांवाचा तर सामान्य शब्दच बनला, आणि त्यांत इंग्रजी लिखाणांत एक जादा अक्षरहि घुसलें.

नवें कापड लौकरच कसोटीला लागलें. १८२५ सालीं उत्तर अमेरिकेच्या ध्रुवीय किनाऱ्याकडे निघालेल्या सर जॉन फ्रँकलिन यांच्या मोहिमेबरोबर एक घडीची होडी होती; तिच्या सांगाड्यावर हेंच कापड ताणलेलें होतें. होडीला शोभणारें कापड माणसाच्या अंगावर मात्र तितकेंसें शोभेना. शिंप्यांनीं त्याचे कोट शिवले, आणि सुईच्या प्रत्येक भोंकांतून पाणी आंत येऊं लागलें. शेवटीं कोट शिवून भोंकें बुजविण्याचें काम कारखान्यालाच अंगावर घ्यावें लागलें. थंडींत कापड पुठ्ठ्यासारखें ताठ होई. उन्हाळ्यांत रबर पाघळून चिकट होई. आणि वास तर असा कीं, कोट घालणारा येण्याआधीं त्याची वर्दी पोंचे. लोकरींतील नैसर्गिक तेलानें रबर खराब होई, तें निराळेंच.

यांपैकीं ऊन आणि थंडी यांची तक्रार ज्यानें मिटविली, त्याचें चरित्र वाचून मन विषण्ण होतें. अमेरिकेंतील चार्ल्स गुडइयर हा रबराच्या नादानें कफल्लक झालेला मनुष्य. कर्जापायीं त्याला तुरुंगाची वारी अनेकदां घडली. १८३९ सालीं मॅसॅच्युसेट्समधील वूबर्न गांवीं गंधक मिसळलेलें रबर तापलेल्या शेगडीला लागलें आणि तें वितळण्याऐवजीं चामड्यासारखें चिवट झालें. त्या एका अपघातांत सारा आधुनिक रबरधंदा सांठविलेला आहे. परंतु त्याचें पेटंट मिळविण्यास त्याला १८४४ साल उजाडलें, आणि दरम्यान त्याच्या मालाचे तुकडे इंग्लंडला पोंचले होते. तेथें मॅकिंटॉशचा भागीदार टॉमस हॅन्कॉक यानें ते पाहिले, त्यांत गंधक आहे हें ताडलें, स्वतः प्रयोग केले, आणि नोव्हेंबर १८४३ मध्यें इंग्लंडांत पेटंटासाठीं अर्ज केला. गुडइयरचा इंग्लंडांतील अर्ज कांहीं आठवड्यांनीं मागें पडला. पुढें प्रकरण न्यायासनापुढें गेलें. १८५५ च्या निकालांत हॅन्कॉकच जिंकला. हॅन्कॉक हा कसबी यंत्रज्ञ होता आणि त्याची मेहनत खोटी नव्हती; तथापि दुसऱ्याच्या तुकड्यावरून सुचलेल्या शोधावर त्यानें निःसंकोच हक्क सांगितला, हें त्याच्या कीर्तीला थोडें उणेंपण आणणारेंच आहे. गुडइयर १८६० सालीं वारला तो डोक्यावर मोठें कर्ज ठेवून.

गंधकानें रबर सुधारलें, पण घामाची तक्रार तशीच राहिली. घोडागाडींत बसून जाणाऱ्या गृहस्थाला ती जाणवत नसे. जाणवली ती पायीं चालणाऱ्यांना. खलाशी तर रबराच्या नादीं फारसे लागलेच नाहींत. ते पूर्वींपासून कापडाला जवसाचें तेल चोपडीत, आणि पुढें मेण लावूं लागले. तेलाचें कापड पिवळें पडे व थंडींत तडके. मेणाचें अधिक नरम राही. साउथ शील्ड्स बंदरांत जॉन बार्बर यानें १८९४ सालीं काढलेलें दुकान याच मेणकापडी डगल्यांमुळें नांवारूपाला आलें. मेणकापडाचा गुण असा कीं, तें कांट्याकुट्यांत फाटत नाहीं आणि मेण उतरलें म्हणजे घरच्याघरीं पुन्हां चढवितां येतें. दरवर्षीं ही मेहनत करण्याची ज्याची तयारी आहे, त्याला तें आजहि वर्षानुवर्षें साथ देतें.

पेचाचा नवा विचार केला तो बेसिंगस्टोक या इंग्लंडांतील लहानशा गांवच्या एका कापडदुकानदारानें. टॉमस बर्बेरी यानें १८५६ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, तेथें दुकान थाटलें. त्याचें गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी, शिकारी, मासे धरणारे. सारा दिवस उघड्यावर काढणारे लोक. १८७९ सालीं त्यानें 'गॅबर्डीन' नांवाचें कापड सिद्ध केलें आणि १८८८ सालीं त्याचें पेटंट घेतलें. कापडावर लेप देण्याऐवजीं त्यानें विणण्यापूर्वीं सूतच जलरोधक केलें, आणि मग तें तिरक्या विणीनें इतकें घट्ट विणलें कीं, थेंबाला वाट मिळूं नये. धाग्याधाग्यांतील अतिसूक्ष्म फटी मात्र मोकळ्या राहिल्या आणि त्यांतून हवा व वाफ जात राहिली. मुसळधार पावसांत दिवसभर उभें राहिलें तर गॅबर्डीन अखेरीस भिजतेंच. बर्बेरीनें थोडें पाणी आंत येण्याचा धोका पत्करला, पण घाम आंत कोंडूं दिला नाहीं.

हा सौदा योग्य होता कीं नाहीं, याची परीक्षा पृथ्वीच्या दोन टोंकांवर आणि सर्वोच्च शिखरावर झाली. स्कॉट, ॲमंडसेन, शॅकल्टन या तिघांच्याहि मोहिमांत बर्बेरीचें कापड होतें. त्यांपैकीं स्कॉटच्या मोहिमेंतील एक प्रकरण येथें मुद्दाम सांगण्यासारखें आहे. १८११ नव्हे, १९११ सालची ही गोष्ट. तरी ऐकतांना ती शतकभर जुनी वाटावी अशी आहे. जून महिन्याच्या अखेरीस, म्हणजे दक्षिण ध्रुवाकडील ऐन हिंवाळ्यांत आणि अखंड अंधारांत, विल्सन, बॉवर्स व चेरी-गॅरार्ड हे तिघे एंपरर पेंग्विन पक्ष्याचीं अंडीं आणण्यासाठीं केप इव्हान्सहून केप क्रोझियरला निघाले. गाड्या ते स्वतः ओढीत. तपमान एके वेळीं उणें ७७.५ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारें उणें ६१ अंश सेंटिग्रेडपर्यंत, उतरलें. तेथें पाऊस नव्हता. आकाशांतून पाण्याचा थेंबहि पडण्याचा संभव नव्हता. तरी तिघेहि पाण्यानेंच गांजले, आणि तें पाणी सर्वस्वीं त्यांच्या अंगाचें होतें. गाडी ओढतांना आलेला घाम वाफ होऊन बाहेर निघण्यापूर्वींच कपड्यांत गोठे. एके सकाळीं चेरी-गॅरार्ड तंबूबाहेर आला, त्यानें सभोंवार पाहण्यासाठीं मान वर केली, आणि ती त्याला खालीं घेतां येईना. तेवढ्या क्षणांत कपडे लांकडासारखे कठीण झाले होते. पुढचे चार तास त्यानें मान तशीच वर ठेवून गाडी ओढली. त्या दिवसापासून तिघांनीं कपडे गोठण्यापूर्वीं ओढण्याच्या बेतानें वांकण्याची दक्षता घेतली. झोपण्याच्या पिशव्यांत सांचलेल्या बर्फामुळें त्यांचें वजन पांच आठवड्यांत दुपटीहून अधिक झालें. तिघे परत आले ते तीन अंडीं घेऊन. विल्सन व बॉवर्स हे पुढच्याच वर्षीं स्कॉटबरोबर ध्रुवावरून परततांना मृत्युमुखीं पडले; चेरी-गॅरार्डनें १९२२ सालीं ही हकीकत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. वाफ सोडणारें कापडहि अतिशीत हवेंत हतबल होतें, कारण वाफ त्यांतून पार पडण्याआधींच बर्फ बनते, हा त्या प्रवासाचा कपड्यांपुरता धडा होता. म्हणूनच ध्रुवप्रदेशांतील अनुभवी माणसें घाम येईल इतक्या वेगानें चालतच नाहींत.

एव्हरेस्टवर १९२४ सालीं नॉर्टन हा २८,१२६ फुटांपर्यंत चढला तेव्हां त्याच्या अंगावर लोकरीच्या थरांवर गॅबर्डीनचे कपडे होते. त्यानंतर चारच दिवसांनीं मॅलरी व अर्व्हिन शिखराकडे निघाले ते परतले नाहींत. मॅलरीचा देह १ मे १९९९ रोजीं सांपडला, तेव्हां रेशीम, सूत आणि लोकर यांचे थर अद्यापि त्याच्या अंगावर होते आणि गळपट्टीवर त्याचें नांवहि वाचतां आलें. बिचाऱ्यानें अपुऱ्या कपड्यांनिशीं जीव धोक्यांत घातला, असें म्हणण्याची पुढें एक पद्धतच पडली होती. परंतु २००६ सालीं त्या कपड्यांच्या हुबेहूब नकला करून त्या एव्हरेस्टच्या परिसरांत घालून पाहण्यांत आल्या, तेव्हां त्या हलक्या, उबदार व हालचालीस मोकळ्या असल्याचें दिसून आलें. जुन्या माणसांना कपड्यांतलें कांहीं कळत नव्हतें, हा समज बरा नव्हे.

दुसऱ्या महायुद्धानें या विद्येला आणखी एक पाऊल पुढें नेलें. अग्निशामक बंबांच्या नळ्यांसाठीं लागणारा जवसाचा तंतु युद्धामुळें दुर्मिळ होणार, हें ओळखून मँचेस्टर येथील शर्ली इन्स्टिट्यूटमध्यें सुती कापडावर संशोधन चाललें होतें. लांब धाग्याचा उत्तम कापूस अत्यंत घट्ट विणला तर भिजतांच त्याचे तंतु फुगतात आणि विणींतील फटी आपोआप मिटतात, असें तेथें साधण्यांत आलें. कोरडेपणीं हें कापड वाफ सोडी आणि ओलें होतांच दार लावून घेई. 'व्हेंटाइल' हें त्याचें नांव. रशियाकडे जाणाऱ्या व्यापारी जहाजांवरून त्या काळीं विमानें यंत्रानें आकाशांत फेंकीत. परत उतरण्यास जहाजावर जागा नसे, तेव्हां लढाई संपली म्हणजे वैमानिकाला गोठणाऱ्या समुद्रांतच उडी घ्यावी लागे. साध्या कपड्यांत तो कांहीं मिनिटांचाच सोबती असे. व्हेंटाइलच्या पोषाखांत तीच मुदत वीस मिनिटांपर्यंत वाढली, आणि तेवढ्यांत होडी त्याच्याजवळ पोंचूं शके.

यापुढील पाऊल कापसाच्या क्षेत्राबाहेर पडलें. १९३८ सालीं अमेरिकेंत रॉय प्लंकेट याला टेफ्लॉन या नांवानें प्रसिद्ध झालेला पदार्थ सांपडला होता. १९६९ च्या ऑक्टोबरांत डेलावेअर संस्थानांत रॉबर्ट गोर हा त्याच्या तापलेल्या कांड्या हळूहळू ताणून पाहत होता आणि त्या तुटत होत्या. वैतागून त्यानें एक कांडी एकदम हिसका देऊन ओढली, आणि ती न तुटतां जवळजवळ दसपट लांब झाली! ताणलेल्या पदार्थांत असंख्य सूक्ष्म छिद्रें निर्माण झालीं होतीं. पाण्याच्या थेंबाला तीं फारच लहान, वाफेच्या कणाला ऐसपैस. १९७० नंतरच्या दशकांत 'गोर-टेक्स' कापडाचे तंबू व डगले बाजारांत आले. येथेंहि गुडइयर-हॅन्कॉकसारखा वाद उद्भवलाच. न्यूझीलंडमधील जॉन क्रॉपर यानें अशीच पद्धति १९६६ सालीं शोधली होती, पण ती गुप्त ठेवली होती. १९८३ सालीं अमेरिकन न्यायालयानें गुप्त ठेवलेल्या उपयोगामुळें गोरचें पेटंट बाधित होत नाहीं असा निर्णय दिला. आरंभींच्या डगल्यांत घामांतील स्निग्धांश छिद्रांत शिरून पाणी झिरपूं लागलें, तेव्हां पापुद्र्यावर आंतून दुसरा संरक्षक थर द्यावा लागला. दोष आंतूनच आला, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

आज दुकानांत डगल्याच्या चिठ्ठीवर दोन आंकडे आढळतात. पहिला मिलिमीटरचा; कापडावर किती उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब दिला असतां पाणी पार होतें, हें तो सांगतो. हा आंकडा बराचसा भरंवशाचा. दुसरा, एका चौरस मीटरांतून दिवसभरांत किती ग्रॅम वाफ बाहेर पडते याचा. याच्या चाचण्या अनेक प्रकारच्या असतात आणि एकीचें उत्तर दुसरीशीं जुळत नाहीं, म्हणून दोन कंपन्यांचे आंकडे शेजारीं ठेवून निवड करणें व्यर्थ आहे. शिवाय वाफ बाहेर जाते ती बाहेरची हवा आंतल्याहून थंड व कोरडी असल्याच्या बळावर. जुलै महिन्यांत राजगडाची वाट चढणाऱ्याच्या भोंवतीं हवा पंचवीस अंशांची आणि वाफेनें तुडुंब असते. थंड हिमालयांतल्या मानानें हें बळ तेथें जवळजवळ निम्म्यावर येतें. हिमालयांत सार्थकीं लागणारा महागडा पापुद्रा सह्याद्रीच्या पावसाळ्यांत त्यामुळें अर्धेंच काम करतो. तेथें कांखेखालीं उघडणारी झडप, सैल बेत आणि लांब पाठ यांचा उपयोग अधिक; म्हणजे इरल्याचेंच तत्त्व. आणि बसून पहारा करणाऱ्या राखणदाराला साधा रबरी कोट आजहि पुरतो, कारण त्याला घामच येत नाहीं.

टिकाऊपणाच्या दृष्टीनें डगला उलटा करून पाहावा. शिवणीवर आंतून चिकटविलेली पट्टी दिसेल. ती मॅकिंटॉशच्या शिंप्यांनीं पाडलेल्या भोंकांवरील तोडगा होय, आणि झिजणाऱ्या डगल्यांत बहुधा तीच आधीं सुटते. खांद्यावर पिशवीचे पट्टे घांसतात, तेथें वरचें कापड जाड आहे कीं नाहीं तें पाहावें. स्वस्त डगल्यांत पापुद्र्याऐवजीं पॉलियुरेथेनचा लेप असतो. दमट हवेंत घडी घालून ठेवला तर तो कांहीं वर्षांत चिकट होऊन सुटूं लागतो. मॅकिंटॉशच्या गिऱ्हाइकांची जुनी तक्रार कोंकणांतल्या कपाटांत अशी पुन्हां ऐकूं येते. वापरून झाल्यावर डगला धुवून, वाळवून, टांगून ठेवावा. मळ आणि घाम यांनीं वरच्या कापडाचा पाणी झटकण्याचा गुण जातो, कापड ओलें होऊन बसतें, आणि खालचा पापुद्रा शाबूत असूनहि वाफ कोंडते.

पाणी झटकण्यासाठीं कापडावर जीं फ्लोरीनयुक्त रसायनें वर्षानुवर्षें लावलीं गेलीं, तीं मातींत व पाण्यांत नाश न पावतां सांचून राहतात असें आढळल्यामुळें आतां त्यांच्यावर बंधनें येत आहेत. कॅलिफोर्नियांत १ जानेवारी २०२५ पासून अशा कपड्यांच्या विक्रीस मनाई झाली. अतिवृष्टींत वापरावयाच्या खास डगल्यांना मात्र २०२८ पर्यंत मुदत दिलेली आहे. टेफ्लॉनऐवजीं पॉलिएथिलीनचा नवा पापुद्रा खुद्द गोर कंपनीनेंच २०२२ पासून बाजारांत आणला आहे. तो खांद्यावरच्या घांसण्याला आणि आंतल्या घामाला किती काळ टिकतो, हें पाहण्यास अजून कांहीं पावसाळे जावे लागतील.